दिवसा सांगितलेली गोष्ट

धोलासर, जि. बिकानेर
१८ जानेवारी १९८९

मामा,

पाया पडते. मी तुलछी, तुमच्या थोरल्या बहिणीची मुलगी, तुमच्याच घरात वाढलेली.

तुमचा पत्ता लादूनं आणला. तो ट्रक घेऊन आसामात तिनसुकियाला गेला होता. तिथल्या एका लाकडाच्या गिरणीत फळ्या भरून घेताना त्याला एक मिस्त्री दिसला, करवत लावायच्या आधी ओंडक्याला नाक लावून वास घेणारा. लादू म्हणतो, असा सुतार मी जन्मात एकच पाहिलाय, आमच्या गल्लीतला मघाराम. गिरणीतले लोक म्हणाले, हा मोहन मिस्त्री. लादूनं "मघाकाका" अशी हाक मारली, तर मिस्त्री "पाणी पिऊन येतो" म्हणून गेला तो परत आलाच नाही. लादूला त्याचं नवल वाटलं, मला नाही. नोख्याहून औषध आणतो म्हणून गेलेला माणूस तेरा वर्षं घरी आला नाही, तर पाणी प्यायला गेलेला तासाभरात कसा येईल?

चिडून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. हे एक वाक्य निसटलं, आता नाही.

मी गावातच अंगणवाडी चालवते. बत्तीस मुलं आहेत. शहरातून एक बाई तपासायला येतात, त्यांच्या कागदावर लिहिलेलं आहे, 'अकरा वाजता गोष्ट'. पहिल्याच आठवड्यात बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे लादूची बहीण धापू.

"दिवसाढवळ्या गोष्ट सांगणार तू? माझा भाऊ ट्रकवर असतो. माझ्या पोरानं दिवसा गोष्ट ऐकली आणि त्याचा मामा वाट चुकला, तर शोधायला कोण जाणार? तू की तुझी बाई?"

शहरातल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, कामाच्या वेळी पोरांनी सतावू नये म्हणून कुठल्यातरी म्हातारीनं काढलेलं आहे हे." असेलही. मी दहावी झालेय, मलाही तेवढं कळतं. पण अकरा वाजले की माझ्याच्यानं गोष्ट सुरू होत नाही. मी मुलांकडून गाणी म्हणून घेते आणि वहीत 'गोष्ट सांगितली' असं लिहून टाकते. कारण दिवसा गोष्ट ऐकून मामा हरवलेली मुलगी या गावात एकच आहे.

तुम्हाला हे ठाऊक नाही. म्हणून सांगते.

मला गोवर निघाला होता. सात वर्षांची होते. तुम्ही सकाळी औषधाला गेलात आणि संध्याकाळपर्यंत यायचे होतात. दुपारपासून आंधी सुटली, रात्रभर वाळू उडत होती. तुम्ही आला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आई विहिरीवर गेली होती, मामी माझ्या उशाशी होती. मी हट्ट धरला, गोष्ट सांग. मामी म्हणाली, "तुझा मामा वाटेवर आहे. दिवसा नको."

मी म्हणाले, "मग रात्र कर."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली. खिडकीवर गोधडी टांगली, दार ओढून घेतलं, कोनाड्यातला दिवा पेटवून माझ्या उशाशी ठेवला. "घे, झाली रात्र. हुंकारा देशील ना?"

मामीच्या गोष्टींना हुंकारा नेहमी तुमचा असायचा. ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, हे मी तुमच्या मांडीवर बसून शिकले. त्या दुपारी तुमच्या जागी मी होते. घसा सुजलेला होता, तरी एकही 'हूं' चुकवला नाही. शेजारणीला कळू नये म्हणून मामी अगदी हळू आवाजात सांगत होती. गोष्ट होती सावली हरवलेल्या राजकन्येची. भर दुपारी एका चेटकिणीनं तिची सावली गुंडाळून नेली. सावली नाही म्हटल्यावर राजवाड्यातल्या लोकांना वाटलं, ही मेली आणि हे तिचं भूत आहे. त्यांनी तिला हाकलून दिलं. ती सावली शोधत निघाली आणि तीन वाटा फुटतात त्या जागी येऊन पोचली. तिथं मामी थांबली. मला झोप लागली असं तिला वाटलं असावं. तिनं उठून दार उघडलं, बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. परत आली तेव्हा तिच्या हातात औषधाची बाटली होती.

"कुणी आणली?"

"परीनं," मामी म्हणाली, आणि मला ते कडू औषध पाजलं.

नऊ वर्षांची होईपर्यंत मी परीवर विश्वास ठेवला. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचता यायला लागली. त्यावर नोख्याच्या दवाखान्याचं नाव होतं, माझं नाव होतं. परी काही दवाखान्याच्या रांगेत उभी राहत नाही. बाटली अजून घरात आहे, मामी त्यात सुया ठेवते. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोललेली नाही.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. तुम्ही दारापर्यंत आला होतात. मग आत का आला नाहीत?

अक्षय्य तृतीयेला माझं लग्न आहे. मामाच्या आहेराचा मायरा कोण आणणार, आईच्या डोक्यावर चुनरी कोण घालणार, असं सासरचे विचारत आहेत. आई म्हणते, तिचा चुलत भाऊ आणेल. मामी बरी आहे. या पत्राचं मी तिला सांगितलेलं नाही.

तुलछी


२६ फेब्रुवारी १९८९

मामा,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी लिहिल्यात. 'तुलछी तेरा वर्षांपूर्वी गेली. मेलेल्या पोरीच्या नावानं पत्र लिहिणाऱ्याला देव बघून घेईल.'

ते कार्ड घेऊन मी शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. तीनदा वाचलं. मग बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. मामा, माझी सावली पडते. शेळीनं तिच्यावर पायसुद्धा दिला.

तुम्हाला कुणी सांगितलं मी गेले म्हणून? लादूखेरीज गावातलं कुणी तुम्हाला भेटलेलं नाही, नाव बदलून राहिलात. मग ही बातमी तुम्ही कुठून आणलीत? राग कुणावर काढायचा तेच मला कळेनासं झालंय. तेरा वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला हरवलं. आणि तुम्ही तिकडे माझं सुतक पाळून बसलात.

मी जिवंत आहे याचा पुरावा काय देऊ? लाकडी उंटाचं सांगू? चाकांचा उंट, तुम्ही गवरीसाठी केला होतात. तुमची गवरी दोन वर्षांची होऊन तापात गेली आणि तो माझ्याकडे आला. त्याचा मागचा डावा पाय आखूड आहे. पटाशी सटकली होती, आणि तुम्ही मला सांगितलंत, "हा उंट लंगडा नाही, तो खाली वाकून ऐकतोय." अजून ऐकतो. माझ्या अंगणवाडीत आहे. धापूचा मुलगा त्याच्यावर बसायला बघतो.

किंवा तुमचे दोन हुंकारे. नेहमीचा 'हूं', आणि राक्षस आला की 'हां!' तो 'हां!' एवढा मोठा की मामी थांबून म्हणायची, "गोष्ट मी सांगतेय की तुम्ही?" हे लादूला ठाऊक असणं शक्य नाही. दारापुढच्या ओट्यावर, आपल्या चौकीवर बसलेल्या तिघांनाच ठाऊक आहे.

आणखी लिहिते. तुम्ही नव्हतात तेव्हाचं लिहिते, म्हणजे पुरावा नाही, पण ऐका.

तुम्ही गेल्यावर गावानं मामीला बरंच ऐकवलं. "नवऱ्याला धरून ठेवता आलं नाही", वगैरे. मी घाबरून तिला सांगून टाकलं, "मामी, माझ्यामुळे गेला. मी दिवसा गोष्ट मागितली." दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, वेडी आहेस का? किंवा, हो, तुझ्याचमुळे. मामीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "वाट चुकलाय तो. वाट चुकलेला माणूस येत असतो. यायला वेळ लागतो एवढंच."

याचा अर्थ मला फार उशिरा समजला. पोरांना सोडून जाणारा मामा आणि वाट चुकलेला मामा यांत केवढा फरक आहे! सोडून गेलेल्याची कुणी वाट बघत नाही. माझं सगळं लहानपण वाट चुकलेल्या मामाबरोबर गेलं. टेकडीवर जाऊन दगडांचे ढीग करायचे, तुम्हाला खूण दिसावी म्हणून. खेजडीच्या झाडाला लाल चिंधी बांधायची. बाकीच्या पोरींचे मामा दिवाळीला कपडे आणायचे. मी त्यांना सांगायची, "माझा मामा गोष्टीत आहे."

रोज संध्याकाळी दिवेलागण झाली की मामी चौकीवर बसायची. शेतातून आलेली, हाताला बाजरीचं कूस लागलेलं. बाजरीच्या पिठाची राब ढवळता ढवळता सांगायची. गल्लीतली वीस-वीस पोरं. मला ज्या गोष्टींची भीती होती त्या सगळ्या तिच्या गोष्टींत आधीच येऊन गेलेल्या होत्या, आणि हरलेल्या होत्या. शाळेतले हेडमास्तर फार मारायचे. मामीच्या राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात असायचा, म्हणून मी हेडमास्तरांचा पोपट शोधला. सापडला. त्यांची म्हातारी आई. ती शाळेच्या अंगणात आली की सर मांजर व्हायचे. मग मी रोज मधल्या सुट्टीत तिला पाणी नेऊन द्यायची, माझ्यावर छडी उठली नाही. दहावीला नोख्याला एकटी राहिले, तेव्हा खोलीतल्या अंधाराला 'हूं' म्हणायची. अंधार पुढे सरकायचा.

तपासायला येणाऱ्या बाई म्हणतात, अशा गोष्टींनी मुलं भित्री होतात, नशिबावर बसतात. मी त्यांना म्हटलं, "बाई, आमच्या मामीच्या गोष्टीत नशिबावर बसलेला एकही माणूस पोचलेला नाही."

फक्त ती राजकन्या. ती अजून तीन वाटांवर उभी आहे. सावलीशिवाय. मामीनं ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मीही मागितली नाही.

मी जिवंत आहे, मामा. पुढचं पत्र मला लिहा. मेलेल्या पोरीला लिहू नका.

तुलछी


५ एप्रिल १९८९

मामा,

तुमचं पत्र आलं. नऊ पानं. अर्धी ओल लागून फुगलेली, बहुतेक तिकडच्या पावसानं. तसंच असेल असं मी मानते.

मी ते एकटीनं वाचणार होते. पण पोस्टमननं अंगणातच ओरडून सांगितलं, "आसामचं आहे!" आई चुलीपुढून उठली. मामी गोधडी शिवत होती, तिनं सुई थांबवली. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. चौकीवर बसून मोठ्यानं वाचलं.

तुम्ही लिहिलंत, आंधीनं बस थांबली, दवाखाना बंद झाला. रात्र दवाखान्याच्या पायरीवर काढली, सकाळी औषध घेतलं, सात कोस चालत आलात. दार बंद होतं. खिडकीवर गोधडी होती. दाराला ती फट होती, जी बुजवायची तुम्ही दोन वर्षं पुढे ढकलत होतात. फटीतून दिसलं, भर दुपारी उशाशी दिवा जळतोय. आणि एका बाईचा हळू, एका सुरातला आवाज.

त्याच्या एक वर्ष आधी गवरीच्या वेळी तुम्ही असेच औषध घेऊन आला होतात. तेव्हाही दार बंद होतं, आणि दिवसाउजेडी उशाशी दिवा होता. दिवसा उशाशी दिवा कुणाच्या लावतात, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

तुम्ही लिहिलंत, 'दुसऱ्यांदा ते दार उघडायचं माझ्या हातात बळ नव्हतं. बाटली ठेवली आणि निघालो.'

तेवढं वाचून मी थांबले. मग आई बोलली. तुम्हाला आईचा आवाज आठवत असेल.

"मूर्ख! एक दार ढकलायला काय लागत होतं याला? स्वतः केलेलं दार! बिजागरीसुद्धा स्वतः बसवलेली!" आणि रडायला लागली. रडता रडता पुन्हा, "लहानपणापासून असाच. सावली बघून पळायचा."

मामी आत गेली, सुयांची बाटली घेऊन आली. सुया काढून ओढणीच्या टोकात बांधल्या. बाटली उन्हात धरून पाहिली.

"म्हणजे मला बघून नाही गेला," ती म्हणाली.

मामा, त्या बाटलीचा अर्थ मामीनं तेरा वर्षं वेगळाच लावला होता. तिच्या मनात होतं, तो दारापर्यंत आला, औषध दिलं, कारण पोर त्याच्या बहिणीची. आणि घरात मी आहे म्हणून आत आला नाही. कारण गवरी माझ्या मांडीवर गेली. हे ती कुणाला बोलली नाही. आणि हेच मनात ठेवून रोज संध्याकाळी मला सांगत राहिली, वाट चुकलाय तो, येतोय. स्वतःला जे खरं वाटत नव्हतं ते तिनं मला पुरेपूर दिलं. एवढं मोठं काम मी गोष्टीतल्यासुद्धा कुणी केलेलं ऐकलं नाही.

नंतर ती शेळ्यांना पाला घालायला गेली. बऱ्याच वेळानं तिकडून तिचा हसण्याचा आवाज आला. मी धावत गेले. म्हणाली, "धापूला सांगू नकोस. दिवसा गोष्ट सांगितली आणि मामा खरंच वाट चुकला, हे तिला कळलं तर ती तुझी अंगणवाडी बंदच पाडेल."

अर्थात धापूला कळलंच. गल्लीतल्या भिंतींना फटी कमी नाहीत. ती येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय सांगत होते मी? आणि ऐक, तू दिवसा गोष्ट सांगितली नाहीस म्हणूनच माझा लादू सरळ तिनसुकियाला पोचला. नाहीतर सापडला असता तुझा मामा?" तिच्याकडून एक किलो गूळ आलाय लग्नासाठी.

तुम्ही विचारलंत, 'आता कोणत्या तोंडानं येऊ?' हे मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आहे तेच तोंड घेऊन ये म्हणावं. दुसरं कुठून आणणार?"

तुम्ही तिथं गिरणीच्या खोलीत एकटेच राहता, हे वाचल्यावर आईनं देवाला हात जोडले. मामीनं जोडले नाहीत. तिचं म्हणणं असं, जसंच्या तसं लिहिते: "बहिणीचा मायरा आहे, त्यासाठी यावं. राहायचं की जायचं ते लग्नानंतर. माझं त्याच्याशी जे बोलायचं आहे ते मी बोलेन, ते पत्रात लिहायचं नाही."

तुलछी


२१ एप्रिल १९८९

मामा,

तुमचं कार्ड काल मिळालं. 'येतो' एवढा एकच शब्द. पुरे आहे.

वेळ थोडा आहे, म्हणून कामाचं लिहिते. वाट बदललीय. मागच्या वेळचं डोक्यात धरून चाललात तर या वेळी खरंच चुकाल, आणि मग धापूला तोंड दाखवायची सोय नाही. दिल्लीहून बिकानेर, तिथून नोख्याची बस. नोख्याहून आता आपल्या फाट्यापर्यंत डांबर झालंय. फाट्यावरचा कडुनिंब तोडला, तिथं चहाची टपरी आहे. टपरीवाला तुम्हाला उजवीकडे वळायला सांगेल, त्याचं ऐकू नका, तिकडे त्याच्या भावाची जीप उभी असते. डावीकडची टेकडी चढा. वर दगडांचे ढीग दिसतील. अकरा आहेत, बाकीचे वाळूत गेले. ते तुमच्यासाठीच आहेत. त्यांच्या बाजूनं चालत या.

मायऱ्याचा एक घोळ झालाय. मामा आपल्या घरून बहिणीच्या घरी मायरा आणतो. इथं घर तुमचंच, बहीणही त्याच घरात. सासरचे हसतात, "या घरातून या घरात मायरा?" मामी त्यांना म्हणाली, "मामा तेरा वर्षं बाहेरच उभा आहे. आणखी किती लांबून आणायचा?" चुनरी आईसाठी लाल आणा. गिरणीवरून थेट निघाल, म्हणून सांगते, अंगाला भुसा लागलेला असला तरी चालेल.

आता शेवटचं. तपासायला येणाऱ्या बाईंना लग्नाचं बोलावणं दिलंय. त्या म्हणाल्या, "तुझ्या मामींची एक गोष्ट ऐकायला मिळाली तर बरं, पण मला दुपारच्या बसनं परतायचंय." मी मामीकडे पाहिलं. मला वाटलं होतं नाहीच म्हणेल. ती म्हणाली, "दुपारी सांगेन. मामा घरात बसलेला असला तर तो वाट चुकणार कसा? ज्यांचे मामा बाहेर आहेत त्यांनी कानात बोटं घालावीत." धापूनं लगेच लादूला सुट्टी काढायला लावली. तो त्या दिवशी घरातच थांबणार आहे.

कुठली गोष्ट, ते मी विचारलं नाही. मामीनं आपणहूनच सांगितलं. "पोर तीन वाटांवर उभी आहे. तेरा वर्षं झाली, पाय दुखले असतील तिचे."

पण हुंकारा देणारा नसेल तर ती सुरू करणार नाही. माझं डोकं त्या दिवशी पदराखाली असेल, नव्या नवरीनं बोलायचं नसतं. मुलांचे हुंकारे तिला चालत नाहीत, म्हणते, मध्येच खेळायला पळतात. तुमची जागा चौकीवर रिकामी ठेवलेली आहे. लंगडा उंट तिथं नेऊन ठेवलाय.

दाराची फट तशीच आहे. आईनं दोनदा माती भरली, दोनदा पडली. ती तुमच्याच हातानं बुजायची आहे बहुतेक.

आणि मामा, लग्नघर आहे. गणपतीपुढे दिवा लावलेला असेल, तो पाच दिवस विझवत नाहीत. तुम्ही भर दुपारी पोचाल. दार लोटलेलं असेल, आतून बायकांचे हळू आवाज येत असतील.

दिवा दिसला तरी थांबू नका. दार ढकला आणि आत या.

तुमची
तुलछी